चिंचेने घासलेली फ्रेंच तलवार

सासूबाईंनी शेजाऱ्यांची तलवार चिंचेने घासली त्या दिवशी मी ऑफिसात होते. डब्लिनमध्ये सँट्रीहून सँडीफोर्ड म्हणजे आधी बस, मग लुआस नावाची ट्राम, जाऊन-येऊन अडीच तास. घरून काम करायचे माझे दिवस सोमवार आणि शुक्रवार, आणि त्या वर्षी खंडेनवमी आली बुधवारी. शुक्रवारी आली असती तर यातलं काहीच झालं नसतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. ते खरं नाही. दुसरं काहीतरी झालं असतं.

साडेपाचला घरी पोचले. दारातच उदबत्तीचा वास. नवऱ्याने आईसाठी स्मोक अलार्मवर शॉवर कॅप चढवून ठेवली होती, ती तशीच. बैठकीतल्या कॉफी टेबलवर माझी पांढरी शाल पसरली होती आणि तिच्यावर घरातली सगळी हत्यारं ओळीने मांडली होती. नवऱ्याचा जुना स्टेथोस्कोप, दोन सुऱ्या, मिक्सरचं पातं, पेचकस, कुंपण छाटायची कात्री, माझा बंद पडलेला लॅपटॉप. प्रत्येकावर हळद-कुंकवाचं बोट. झेंडू इथे मिळत नाही, म्हणून सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती. आणि मधोमध, म्यानाबाहेर, मीटरभर लांबीची बाकदार तलवार. मुठीवरच्या तीन पितळी कांबी नव्या समईसारख्या चमकत होत्या.

मी ती तलवार दोन वर्षं बघत होते. तिचा रंग काळा होता.

ती होती आमच्या उजवीकडच्या घरातल्या आजोबांची. वय ऐंशीच्या पुढे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, बस चालवून निवृत्त. त्यांच्या बैठकीत भिंतीतल्या शेगडीच्या वर दोन खिळ्यांवर ती आडवी टांगलेली असे. ते तिला 'फ्रेंचमन' म्हणत. नेपोलियनच्या काळातली, घोडदळातल्या शिपायाची. त्यांच्या आजीचं माहेर पश्चिम किनाऱ्यावरच्या मेयोमधलं. तिथे फ्रेंच सैनिक जहाजांतून उतरले होते, हरले, आणि पळता पळता एकाने ही तलवार आजीच्या पूर्वजांच्या छपरात खुपसून ठेवली, अशी घरातली गोष्ट. मला ती त्यांनी किमान सहा वेळा सांगितली असेल. कुणीतरी कधीतरी ती गंजू नये म्हणून तिला काळं वॉर्निश फासलं होतं आणि त्यावर शेगडीचा धूर बसला होता.

सासूबाईंना ही गोष्ट कळायचा प्रश्न नव्हता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. तीन महिन्यांच्या व्हिसावर अमरावतीहून आल्या होत्या आणि आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कुंपणावरून आजोबांना थालीपीठ दिलं. मग आजोबांनी त्यांना आपल्या झाडाची सफरचंदं दिली. मग रोज अकरा वाजता आजोबा कुंपणाच्या त्या बाजूला, सासूबाई या बाजूला. ते डब्लिनच्या इंग्रजीत, या वऱ्हाडीत. दोघांना मिळून एकच शब्द समजत असे, 'ग्रँड'. आजोबा पावसालाही ग्रँड म्हणत आणि ठेच्यालाही. सासूबाईंनी तो उचलला. मी पोळ्या करून ठेवल्या की येऊन म्हणायच्या, "ग्रँड व माय."

तलवार त्यांनी मागितली कशी, ते मला नंतर आजोबांनी हातवारे करून दाखवलं. सासूबाईंनी शेगडीकडे बोट दाखवलं, हात जोडले, कपाळाला बोट लावलं. आजोबांना वाटलं, हिला तलवारीला आशीर्वाद द्यायचा आहे. ते काही चुकीचं नव्हतं. त्यांनी स्वतः तलवार अंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून आमच्याकडे आणून दिली.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल.

नवऱ्याला आईला कायमचं इथे आणायचं होतं. तो ब्युमॉन्ट हॉस्पिटलात डॉक्टर, मी आयटीत, मुलगी गॉलवेला कॉलेजात गेलेली, तिची खोली रिकामी. सासरे गेल्यापासून सासूबाई अमरावतीला थोरल्या दिरांकडे राहात होत्या. तिथे त्यांची खोली गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या दिवसातून एकदाच खाली उतरत. एकदा माझ्यासमोर लसूण सोलताना त्या सहज बोलून गेल्या, "तिथं मले चहा मागा लागते." तक्रारीचा सूर नव्हता. इथे त्यांना चहा मागावा लागत नव्हता, एवढंच सांगत होत्या.

त्या नोव्हेंबरच्या मध्यावर परत जाणार, आणि आम्ही इकडून त्यांच्या कायमच्या राहण्याचा अर्ज करणार, असं ठरलं होतं. 'आम्ही' म्हणजे मी. घरातले सगळे अर्ज मीच करते. नवरा फॉर्म बघितला की चष्मा शोधायला जातो. मी फाइल उघडली, लागणाऱ्या कागदांची यादी केली, सतरा कागद. ऑक्टोबरपर्यंत अकरा जमले होते. नवऱ्याला वाटत होतं, मी जोरात कामाला लागले आहे. मी लागले होते, पण त्याच वहीच्या मागच्या पानावर मी दुसरी यादीही ठेवली होती. डिशवॉशरमधून निघालेली भांडी परत धुणं. माझ्या प्रेसमधले डबे, म्हणजे इथे कपाटाला प्रेस म्हणतात, त्यातले डबे उंचीप्रमाणे न लावता रोज लागतील तसे लावणं. मी कामाच्या कॉलवर असताना मागून येऊन "कोन आहे व?" विचारणं. यातल्या कशालाही गुन्हा म्हणता येत नाही, हे मला लिहिताना दिसत होतं. म्हणूनच यादी वाढत होती आणि उपयोगी पडत नव्हती. मला त्या घरात नको होत्या. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

आणि त्या बुधवारी ते कॉफी टेबलवर ठेवलेलं दिसलं.

"आई, हे काय केलंत?"

"मस्त निघाली ना?" त्या खुर्चीतून उठल्या. हाताची बोटं चिंचेने पांढरी पडून सुरकुतली होती. "दोन घंटे घासली. पयले चिंच, मंग मीठ, मंग तारेचा चोथा. त्या बाबाच्या घरी कोनी हात नाई लावला वाटते तिले. काळीकुट्ट होती बिचारी."

"कुणी सांगितलं होतं घासायला?"

"सांगा काहून लागते? नवमीले शस्त्र काय मळकं पूजतेत?"

"ती दोनशे वर्षांची आहे, आई."

"तं दोनशे वर्साचा मळ होता न व तिच्यावर."

मी फोन काढला आणि तिथेच उभ्या उभ्या वाचलं. जुन्या तलवारीला काय करू नये: आंबट पदार्थ लावू नये, तारेने घासू नये, पाण्याने धुऊ नये, घराबाहेरच्या माणसाच्या हाती देऊ नये. चारही गोष्टी झाल्या होत्या. शिवाय दुधाचा अभिषेकही झाला होता, तो त्या यादीत कुणाला सुचलाच नव्हता.

मी आवाज चढवला नाही. चढवलेला आवाज वाया जातो, लोक आवाजच लक्षात ठेवतात. मी शांतपणे विचारलं, "अमरावतीला कुणाच्या घरची वस्तू न विचारता अशी घासली असतीत?"

"मी तं चांगलंच केलं…"

"अशा वस्तूचं मोल तिच्या काळेपणात असतं. ते तुम्ही मोरीत घालवलंत. उद्या गल्लीतले लोक म्हणतील, डॉक्टरच्या घरी वस्तू देऊ नका."

त्यांचं तोंड उतरलं. मुलाचं नाव निघालं की उतरायचंच. "मंग मी जाऊन सांगू का त्याले? पाया पडीन त्याच्या."

"कोणत्या भाषेत पडाल?"

हे मी म्हटलं.

कुंकू पुसून, पात्याला खोबरेल लावून, मी तलवार त्याच टॉवेलात गुंडाळली आणि शेजारी गेले. तोवर मी खरोखर घाबरलेली होते, हे नमूद करते. मनात माफीची वाक्यं जुळवत होते.

आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. टॉवेल उघडला. काही बोलले नाहीत. तलवार घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडात धरली, इकडून तिकडे फिरवली. मग टेबलावरचं भिंग घेतलं, ज्याने ते पेपर वाचायचे.

"लव्ह," ते म्हणाले, ते मला तसंच म्हणतात, "इकडे ये. तुझे डोळे चांगले आहेत. हे काय आहे?"

पात्याच्या बोथट पाठीवर अक्षरं होती. तिरपी, बारीक, हाताने लिहिल्यासारखी, टोकाच्या दिशेने धावत गेलेली. काळ्या थराखाली ती कुणालाच दिसली नव्हती. मी फोनच्या उजेडात एकेक अक्षर वाचलं. फ्रान्सच्या सरकारी कारखान्याचं नाव, महिना, साल.

आजोबांनी साल ऐकलं, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि हसायला लागले. इतके हसले की खुर्चीत बसावं लागलं. "फ्रेंच येऊन, मार खाऊन, घरी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती की गं तेव्हा! म्हणजे माझी आजी थापा मारत होती. तिची आजीसुद्धा. सगळ्या थापाड्या!"

"मग ही आली कुठून?"

"कुणास ठाऊक. कुणीतरी जुन्या बाजारातून आणली असेल. चोरली असेल. चोरलीच असेल, आमच्या घराण्याकडे बघता."

मी माफी मागितली. इंटरनेटवर काय लिहिलं आहे तेही सांगितलं, घासल्याने तिची किंमत गेली म्हणून.

"विकायचीय कुणाला? माझ्यामागे आहे कोण?" त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. "आमच्या घरात एवढ्या पिढ्यांत हिच्याकडे कुणी दोन मिनिटं पाहिलं नाही. तुझ्या सासूने तिला न्हाऊ घातलं." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी नाक शिंकरलं. "मी उद्या येतो. मला तिला स्वतः सांगायचंय. केक आणतो."

"उद्या नको," मी म्हटलं. "त्यांना बरं नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून आधी निघालं, कारण मागाहून सापडलं. त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत तीसेक पावलं असतील. तेवढी पुरली.

सासूबाई पायरीशी उभ्या होत्या, अंगावर नवऱ्याचं जाकीट. चहा केला होता, घेतला नव्हता.

"काय म्हने?"

"काही नाही बोलले पहिल्यांदा."

"मंग?"

"पाठीवर अक्षरं होती तिच्या. जुनी. कारखान्याचं नाव, साल."

"मले नाई दिसली…"

"नाहीच दिसायची आता."

त्यांनी चौकटीला हात टेकला. "घासल्यानं गेली?"

मी चपला काढून रॅकवर ठेवल्या.

"रागावला?"

"रागावत नाहीत ते. खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

"रडला?"

"हो."

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खरं होतं. मी कामावर रोज रिपोर्ट लिहिते, कोणती ओळ वर ठेवायची आणि कोणती गाळायची ते मला येतं. सासूबाई जाकीट तसंच अंगावर ठेवून जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या आणि कॉफी टेबलवरच्या शेवंतीकडे बघत राहिल्या. मी चहा गरम करून दिला. त्या म्हणाल्या, "नको माय." मी तो ओतून दिला आणि कप डिशवॉशरमध्ये टाकला. त्या उठून तो परत धुवायला आल्या नाहीत. माझ्या लक्षात आलं आणि बरं वाटलं.

नवरा त्या आठवड्यात रात्रपाळीवर होता. सकाळी आला तेव्हा मी निघायच्या घाईत होते. "आईंनी शेजारच्यांची तलवार घासून ठेवली," मी सांगितलं.

"अरे देवा. चिडले का ते?"

"तू झोप आधी. मी बघते."

'मी बघते' म्हटलं की आमच्या घरात विषय संपतो. वीस वर्षांत मी तशी सवय लावली आहे.

पुढचे तीन आठवडे मी नीट सांभाळले. अकरा वाजता सासूबाई मागच्या अंगणात जाईनाशा झाल्या. कपडे वाळत घालायचे तर आधी पडद्याआडून बघायच्या. आजोबा दोनदा दारावर आले. पहिल्यांदा शुक्रवारी, मी घरीच होते. हातात बेकरीतला मनुक्यांचा केक, इथे त्याला ब्रॅक म्हणतात.

"हरसेल्फ कशी आहे?" सासूबाईंना ते असंच म्हणत.

"सर्दी आहे अजून. तुम्हाला लागायला नको."

"सांग तिला, मी पात्याला रोज तेल लावतो."

"सांगते."

सासूबाई जिन्याच्या वरच्या टोकाशी उभ्या होत्या. आजोबा गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय आनलं त्यानं?"

"ऑफिसचं पार्सल ठेवलं होतं त्यांच्याकडे."

ब्रॅक मी ऑफिसात नेला. सगळ्यांना आवडला.

दुसऱ्यांदा आले तेव्हा मी दार उघडलं नाही. ते दोन मिनिटं थांबले आणि गेले. सासूबाई स्वयंपाकघरात ओट्यापाशी श्वास रोखून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "जाब विचाराले आला असन."

एके दिवशी मला मोरीतून आवाज आला. नळ सोडून त्या एकट्याच बोलत होत्या. "सारी. आय याम सारी. सारी." माझी चाहूल लागली तशा थांबल्या. "बरोबर म्हनून राहिली का मी?"

"कशाला शिकताय?"

"एकडाव त्याले म्हनीन. जायच्या आधी."

"जखमेवरची खपली काढल्यासारखं होईल, आई."

त्यांनी मान डोलावली, पण ऐकलं नाही. पुढच्या सोमवारी मी वरच्या खोलीत कॉलवर होते आणि खिडकीतून मला त्या कुंपणाकडे जाताना दिसल्या. डोक्यावर पदर घेतला होता. आजोबा पानं गोळा करत होते. सासूबाईंनी हात जोडले. आजोबांनी झाडू टाकला, दोन्ही हात हवेत उडवले, खूप काहीतरी बोलले, मोठ्याने हसले, पात्यावर घासल्यासारखी खूण केली, परत हसले. मी कॉल म्यूट केला. जिना उतरेपर्यंत सासूबाई आत आल्या होत्या. चेहरा गोंधळलेला.

"हासला व तो. असं असं करून दाखोलं. आनि ग्रँड म्हने. चार डाव ग्रँड म्हने."

एक क्षण मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी थोडं सुटल्यासारखंही वाटलं. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे वर मान करून बघत होत्या, आणि ठरवायचं मीच होतं.

"इथले लोक असेच, आई. घर जळालं तरी ग्रँडच म्हणतात. तोंडावर बोलत नाहीत."

"पन हासला…"

"तुम्ही कसं घासलं, त्याची नक्कल करत होते."

त्यांनी पदर खाली घेतला. "हाव," एवढंच म्हणाल्या. मी परत वर गेले आणि म्यूट काढला.

त्याच रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "तो अर्ज-बिर्ज नको करू रे बापू. मले तिकडंच बरं आहे."

नवऱ्याने घास खाली ठेवला. "आई, असं काय एकदम? थंडीचं आहे का? हीटिंग वाढवू."

"थंडीचं नाई."

"मग कुणी काही बोललं का?" त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मले कोन काय बोलन? सूनबाई तं किती करते माह्यं." त्या माझ्या ताटात भाजी वाढत होत्या. "मीच अडानी आहे. परक्या मुलखात हात चालवते. उद्या तुह्यं नाव खराब करीन."

"तलवारीचं एवढं मनावर घेतलंस? मी बोलतो त्यांच्याशी."

"नको बोलू," त्या म्हणाल्या. "खपली काढू नको त्याची."

माझेच शब्द होते. मी पाणी प्यायले.

पण नवरा बोललाच. मुद्दाम नाही. गुरुवारी कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायला गेला, तो वीस मिनिटं आला नाही. आला तेव्हा डब्याची कडी धरलेला हात तसाच ओला, धुतला नव्हता, आणि तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. सासूबाई वर बॅग भरत होत्या. फरशीवरून सूटकेस सरकवल्याचा आवाज येत होता. तेव्हा त्यांचं विमान दहा दिवसांवर होतं. अर्जाची फाइल फ्रीजवर होती, कागद तेरा झाले होते, हवं तर चार दिवसांत पुरे झाले असते. त्याने जिन्याकडे पाहिलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मी वाट बघत होते.

त्याने पाय काढून घेतला.

"तिचं दुबईचं व्हीलचेअर बुकिंग झालंय ना?" त्याने विचारलं.

"झालंय."

"बरं." आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मला आजोबा फाटकाशी भेटले. फार खुशीत होते. "तुझ्या नवऱ्याला अक्षरं दाखवली काल. भिंगातून एकेक. त्याला तर काहीच माहीत नव्हतं! मी म्हटलं, तुझी आई म्हणजे हिरा आहे, हिरा. तो म्हणाला, हो. हरसेल्फ जाणार म्हणे, परत कधी येणार? पुढच्या वर्षी परत न्हाऊ घालू दे तिला फ्रेंचमनला."

"बघू," मी म्हटलं. "त्यांना इथली हवा मानवत नाही."

म्हणजे नवऱ्याला सगळं कळलं होतं. मी काय केलं तेही, आणि वर त्याची आई कशामुळे बॅग भरते आहे तेही. त्याच्याकडे दहा दिवस होते, जिना चौदा पायऱ्यांचा होता. मी रोज वाट पाहिली. रागाची, भांडणाची, निदान टोमण्याची. त्याने आईच्या गुडघ्यांची औषधं सहा महिन्यांची आणली, डब्यांवर तिला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत सकाळ-संध्याकाळ लिहिलं, तिला फोनमधला व्हिडिओ कॉल शिकवला. मला तेव्हा समजलं, की रिकामी खोली त्यालाही आवडायला लागली होती. आईला नको म्हणण्याचं धाडस त्याच्यात नव्हतं. ते मी त्याच्यासाठी करून ठेवलं होतं.

विमानतळावर सासूबाईंनी मला जवळ घेतलं. "पोरी, तुले लय तरास झाला माह्यापायी. त्या बाबाले सांभाळजो. एकटा आहे तो." व्हीलचेअर ढकलणारा माणूस आला आणि त्यांना घेऊन गेला. त्यांनी मागे वळून हात हलवला नाही. मान वळत नव्हती त्यांची, मणक्यामुळे.

अर्ज गेला नाही. नवऱ्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुलीची खोली आता माझं ऑफिस आहे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. त्या गच्चीवर उन्हात बसल्या होत्या, मागे टाकी दिसत होती. वाळल्या होत्या. नवऱ्याने औषधं, झोप, जेवण विचारलं. मी शेजारी बसून मटार सोलत होते. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी फोन जवळ घेतला.

"त्या बाबाचा राग गेला का रे?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. फोन जरा लांब धरला.

"नाही गं आई. अजून नाही."

"नसनच जात," त्या म्हणाल्या. "लय मोठी चूक झाली माह्या हातून."

"जाऊ दे आता. जेवून घे."

"हाव."

त्याने फोन पालथा ठेवला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी विचारलं तर तू सांग."

"का?"

"तुला जमतं ते."

"आज तुलाही काही वाईट जमलं नाही," मी म्हटलं.

त्याने एक शेंग उचलली, सोलली, आणि दाणे माझ्या भांड्यात टाकले. उरलेल्या शेंगा आम्ही दोघांनी मिळून सोलल्या.